वरच्याचं नाव

रत्नागिरीत झाडांना काय तोटा? कुंपणाला रोवलेली काठीसुद्धा इथे पालवते. पण तेच झाड जमिनीवर न लावता भिंतीवर लावलं की त्याला देखभालीचं कंत्राट लागतं, आणि 'शीतलगंध' या इमारतीचं ते कंत्राट राजश्री आणि तिचा नवरा विनोद यांच्याकडे होतं.

शीतलगंध बारा मजली. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या एका पऱ्याच्या काठी, जिथे पूर्वी माडापोफळींचं आगर होतं तिथेच ती उभी राहिली. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापायची, म्हणून मुंबईच्या आर्किटेक्टने तिला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी बसवली, मजल्यामजल्याला मातीने भरलेल्या लांब कुंड्या ठेवल्या, त्यांत ठिबकच्या नळ्या फिरवल्या आणि वेली सोडल्या. भिंत पानांनी झाकली की घरं गार राहतात आणि खालच्या रस्त्याचा उकाडाही कमी होतो, असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. आधी आगर तोडून इमारत चढवायची आणि मग इमारतीवर आगर चढवायचं, असा हा उलटा कारभार, पण गार वाटायचं हे खरं.

त्या दिवशी एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. नवव्या मजल्यावरचं ठिबक बंद पडल्याचा निरोप आला म्हणून दोघं स्कूटरवरून निघाली. काम साधंच होतं. नळीत माती अडकली असणार, विनोद दोराने उतरून ती झटकणार, आणि जेवायला दोघं घरी परत येणार. सासूबाईंनी, म्हणजे हौसाबाईंनी, निघताना तेवढं म्हटलं की बारा टळू देत, मग चढ. विनोद हसला. मुंबईत काचेच्या इमारती धुताना त्याने कधी घड्याळ बघितलं नव्हतं.

विनोद दोरावर काम करायला मुंबईत शिकला, पण उंचीची भीती नसणं हे घरातलंच होतं. त्याचे वडील आप्पा पाडेली होते. माडावर चढून नारळ पाडायचे, आणि पोफळीच्या आगरात तर एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर, तिथून तिसरीवर, असे अर्धा दिवस जमिनीला पाय न लावता सुपाऱ्या उतरवायचे. पायात काथ्याचा फास, कमरेला कोयता, बस्स. शेंड्यात गेलेला माणूस खालून दिसत नाही, म्हणून पाडेल्यांची एक रीत होती. वरच्याने 'कू' करून हाक द्यायची आणि खाली उभ्या असलेल्याने ओ द्यायची. एकदा ओ दिली की वरच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही. आणि वर असलेल्याचं नाव कधीही घ्यायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे. रीत म्हणजे रीत.

विनोदने हीच रीत भिंतीवर आणली. वॉकीटॉकी घेऊन झाले होते, पण लोखंडी जाळीपाशी गेलं की त्यातून नुसती खरखर यायची. पानं इतकी दाट झाली होती की त्यांत शिरलेला माणूस राजश्रीला दिसत नसे. मग वरून 'कू' यायची आणि खालून ती ओ द्यायची. नावाचा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. दापोलीला शेतीची पदविका घेतलेली असली तरी नवऱ्याला ती घरी 'अहो' म्हणायची आणि भिंतीखाली नुसती ओ. त्याचं नाव तिने उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं.

आवारात शिरताच गारवा अंगावर आला. नेहमीचा नव्हे, विहिरीत उतरल्यासारखा. राजश्रीने भिंतीवर नजर टाकली. गेल्या पावसाळ्यात त्यांनी लावलेले नेचे उन्हाने करपले होते, आणि त्यांच्या जागी वरपर्यंत मिरवेल चढली होती. तिने मिरवेल लावली नव्हती. कोणीच लावली नव्हती. आगरात पोफळीच्या बुंध्यावर चढवतात ती ही काळ्या मिरीची वेल, इथल्या कुंड्यांत आली कुठून, याचा तिला महिनाभर उलगडा झाला नव्हता. जमिनीत जुनं मूळ राहिलं असेल, असं विनोद म्हणायचा. मूळ जमिनीत आणि वेल नवव्या मजल्याच्या कुंडीत, हे तिला काही पटायचं नाही, पण वेल भिंत छान झाकत होती, म्हणून तिने ती राहू दिली.

लिफ्टपाशी खतिजाबी भेटल्या. नवव्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मुलगा कुवेतला. भर एप्रिलात त्यांच्या अंगावर शाल होती. राजश्रीने चेष्टा केली, तर त्या म्हणाल्या की घरात हल्ली पंखासुद्धा लावत नाही, हाडं दुखतात. मग त्यांनी विनोदकडे बघितलं.

"तू दुपारचा पण उतरतोस काय रे? रोज बाराच्या टायमाला ग्रिलच्या बाहेर सळसळ असते. मी पाण्याचा तांब्या ठेवते कट्ट्यावर. पिऊन जातोस, पण एक शब्द बोलत नाहीस."

विनोद गेले आठ दिवस दोरावर चढलाच नव्हता. त्याने राजश्रीकडे बघून डोळे मिचकावले आणि माकडं असतील, चाची, एवढंच म्हणाला. खतिजाबींनी मान हलवली. माकड तांब्या पालथा घालून ठेवत नाही, असं पुटपुटत त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

विनोदने मोबाइल राजश्रीच्या हातात दिला आणि दोरांची पिशवी खांद्यावर टाकून तो आत गेला. ती भिंतीखाली आपल्या जागी जाऊन उभी राहिली. एका फरशीवर तिने पांढऱ्या रंगाची फुली मारून ठेवली होती, तीच तिची जागा. आवार सुनसान होतं. वॉचमन जेवायला गेला होता. ऊन इतकं पांढरं की समोरच्या गाड्यांकडे बघवत नव्हतं, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर मात्र गार, ओलसर सावली. त्या सावलीत एक वास होता. ओल्या झावळ्यांचा, कुजलेल्या सुपारीच्या सालींचा, आणि त्यात मिसळलेला पोफळीच्या फुलोऱ्याचा गोड, जड वास. आसपास एकही पोफळ उरली नव्हती.

"कू…"

वरून, पानांतून. राजश्रीने सवयीने तोंड वर न करताच ओ दिली.

पानं सळसळली. मग गप्प झाली. आणि मागून विनोदचा आवाज आला, "कोणाला ओ देतेस, राजू?"

तो पंपाच्या खोलीतून बाहेर येत होता. दोराची पिशवी अजून खांद्यावरच. तो ठिबकचा पंप बंद करायला आधी तिकडे गेला होता, गच्चीवर गेलाच नव्हता. तिने वर बोट दाखवलं. विनोदने कान देऊन ऐकलं, काहीच नव्हतं. भारद्वाज असेल, तो असाच घुमतो, असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. आज चढू नका, असं ती म्हणणार होती. पण एका पाखराच्या आवाजाला घाबरून काम टाकलं तर हा वर्षभर चिडवेल, हेही तिला ठाऊक होतं. ती गप्प राहिली आणि तो लिफ्टने वर गेला. त्या गप्प राहण्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

तो गेल्यावर मात्र तिला राहवेना. तिने हौसाबाईंना फोन लावला आणि हसत हसतच सांगायला सुरुवात केली. पलीकडून हसू आलं नाही.

"ओ दिलीस?" हौसाबाई म्हणाल्या. "भिंतीकडनं आलेल्या हाकेला?"

"होय. सवयीने गेली तोंडातून. भारद्वाज होता, हे म्हणाले."

मग जे हौसाबाईंनी नवरा गेला तरी कोणाला सांगितलं नव्हतं ते हळू आवाजात सांगितलं. शीतलगंध जिथे उभी आहे त्याच आगरात, शेवटच्या हंगामात, बाबल्या नावाचा पाडेली पोफळीवर होता आणि खाली आप्पा. बाबल्याला ना घर ना बायको, जन्म त्याचा शेंड्यांतच गेलेला. त्याने हाक दिली, आप्पांनी ओ दिली. तेवढ्यात मालकाने जमिनीच्या मोजणीची टेप धरायला आप्पांना बोलावलं आणि आप्पा गेले. परत आले तर पायातला फास बुंध्याशी पडलेला, कोयता शेंड्यात रुतलेला आणि माणूस कुठेच नाही. पऱ्या शोधला, विहीर उपसली. लोक म्हणाले मुंबईला पळाला. आप्पा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, तो खाली आलेलाच नाय. मग झाडं तोडली. वर राहिलेल्याला वर राहायला जागाच उरली नाही.

"आता जागा मिळालीय त्याला," हौसाबाई म्हणाल्या. "बाय, तू ओ दिलीयस. आता तो उतरणार. विनूला वर जाऊ देव नको."

राजश्रीने वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावरून विनोदचे पाय बाहेर आले होते. लाल हेल्मेट, दोन दोर, पायात पिवळे बूट. लिफ्ट गाठायची म्हटली तरी आता उशीर झाला होता, आणि जागा सोडायची कशी? ती ओरडली, थांबा, वरच थांबा. पण खाली पऱ्यापलीकडच्या रस्त्यावरून एसटी घरघरत गेली आणि तिचं ओरडणं त्यात बुडालं. विनोदने हात हलवला. अकरावा मजला. दहावा. मग मिरवेलीच्या पानांनी त्याला आत घेतलं आणि दोर तेवढे हलताना दिसत राहिले.

दोर डाव्या बाजूला होते. पानं मात्र उजव्या बाजूलाही हलत होती.

तिथे दोर नव्हता. तरी सातव्या मजल्यावरची पानं बाजूला होत होती, मिटत होती, मग आठव्या मजल्यावरची. काहीतरी तिरकं चढत होतं, सावकाश, सवयीने, एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर झोका घेत. राजश्रीच्या हातातला फोन अजून चालू होता. त्यातून हौसाबाईंचा श्वास ऐकू येत होता. नवव्या मजल्यापाशी दोन्हीकडची सळसळ एका जागी आली आणि थांबली.

दोर ढिले पडले.

"कू…"

तो विनोदचाच आवाज होता. शेवटी किंचित वर उचललेला, जसा तो नेहमी उचलायचा. राजश्रीने ओ द्यायला तोंड उघडलं.

"कू…" दुसरी हाक आली. तीही तशीच. तोच आवाज, तीच शेवटची उचल.

तिचं तोंड उघडंच राहिलं. कोणाला ओ द्यायची? चुकीच्याला गेली तर? एक ओ आधीच भलत्याला गेली होती. पुन्हा हाक आली, मग पुन्हा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक घाईची, जणू वरच्याचा हात सुटत चालला आहे. पानांतून थंड पाण्याचे थेंब तिच्या कपाळावर पडले. ठिबक तर बंद होतं.

तिला ते सहन झालं नाही. ज्याच्यावर जीव आहे तो माणूस हाका मारतोय आणि आपण मुकाट उभं राहायचं, हे कोणालाही सहन होणार नाही. आजवर जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. छाती फुटेस्तोवर ओरडून तिने त्याला नावाने हाक मारली.

"विनोद…!"

भिंत गप्प झाली. एक पान हललं नाही.

आणि वरून, अगदी शांतपणे, कोणीतरी ओ दिली.

फोनवर हौसाबाई रडत होत्या. "नाव कशाला टाकलंस गो वर… ते कोण झेलील, काय भरवसा…"

दोर पुन्हा ताठ झाले. पानांतून लाल हेल्मेट दिसलं, मग खांदे, आणि विनोद अलगद खाली आला. पाय जमिनीला टेकले. राजश्री धावत जाऊन त्याला बिलगली आणि रडली. त्याचं अंग गार होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. नळी मोकळी झाली, तो म्हणाला. खरंच, ठिबक पुन्हा सुरू झाल्याचा टपटप आवाज येत होता. पंप कोणी सुरू केला हे विचारायचं तिला त्या वेळी सुचलं नाही.

तो हसत होता. फक्त कमरेच्या पट्ट्याचा हुक त्याला उघडता येईना. रोज एका बोटाने उघडणारा हुक तो ओढत होता, पिळत होता, दातांनीसुद्धा ओढून बघितला. शेवटी तिनेच तो सोडवला. तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. तो अनवाणी होता.

"बूट कुठे?"

"वर राहिले गो," तो म्हणाला.

विनोदने तिला कधी 'गो' म्हटलं नव्हतं. स्कूटरची किल्ली त्याने तिच्याच हातात ठेवली आणि मागे बसून, एखादं वाहन पहिल्यांदाच बघावं तसा, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसला.

घरी हौसाबाई दारातच उभ्या होत्या. पाण्याची बादली पुढे करून त्या म्हणाल्या, पाय धू. त्याने एकावर एक पाय घासून धुतले. दोन्ही पावलांच्या वरच्या अंगाला, घोट्याच्या जरा खाली, आडवे काळे घट्टे होते. जन्मभर काथ्याचा फास घालून चढणाऱ्याच्या पायावर असतात तसे. आप्पांच्या पायावर होते तसे. हौसाबाईंनी ते बघितले, राजश्रीनेही बघितले. दोघींनी एकमेकींकडे मात्र बघितलं नाही. हौसाबाई आत गेल्या आणि देवापुढे बसल्या, त्या जेवायला उठल्याच नाहीत.

संध्याकाळी खतिजाबींचा फोन आला. तुझ्या माणसाचे पिवळे बूट आमच्या ग्रिलला लटकतायत, म्हणाल्या. आणि हो, आज तांब्या दोनदा भरावा लागला.

दुसऱ्या दिवशी राजश्री त्याला घेऊन शीतलगंधला गेली. हौसाबाईंनी अडवलं नाही. तो भिंतीच्या सावलीत मांडी घालून बसला, वर एकदाही बघितलं नाही. ती आपल्या फुलीवर उभी राहिली. आवार पुन्हा सुनसान, ऊन पुन्हा पांढरं. बारा झाले.

"कू…"

नवव्या मजल्यावरून. दमलेला, कोरडा पडलेला आवाज, पण शेवटी किंचित उचललेला.

शेजारी बसलेल्याने तिचं मनगट धरलं. पकड थंड होती, पण दुष्ट नव्हती. उलट त्याच्या डोळ्यांत कणव होती, आणि तिला त्या कणवेचीच जास्त भीती वाटली.

"ओ देव नको," तो हळूच म्हणाला. "थोडे दिवस हाका मारील. मग सवय होते."

राजश्रीने मनगट सोडवून घेतलं आणि ओ दिली.

त्याला आता बरेच दिवस झाले. रोज दुपारी ती तिथे उभी असते. भिंतीखालचं तण काढते, असं लोकांना वाटतं. खतिजाबी घर बंद करून कुवेतला गेल्या. बाकीचे बिऱ्हाडकरू म्हणतात, यंदाच्या उन्हाळ्यात एसी लावावाच लागला नाही, बाईच्या हाताला गुण आहे. पानं आधी नवव्या मजल्यावर हलायची, मग आठव्यावर, आता चौथ्यावर हलतात. तो उतरतोय. फार सावकाश, पण उतरतोय, आणि त्याचे पाय जमिनीला टेकेपर्यंत ती जागा सोडणार नाही. एक खाली आला की त्याच्या जागी कोणाला तरी वर जावं लागेल की काय, हा विचार ती मनात येऊ देत नाही.

दुसरा शेजारीच बसलेला असतो. तक्रार नाही, आडकाठी नाही. कुठून तरी काथ्या आणतो आणि मांडीवर वळत बसतो. चांगली घट्ट, गुळगुळीत दोरी वळतो.

काल मात्र त्याने दोरीची दोन टोकं पाडेल्याच्या फासासारखी जुळवली आणि पहिल्यांदाच वर भिंतीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"पाय जरा पुढं कर गो," तो म्हणाला. "माप घेतो."